सायबर सुरक्षेचा कार्यभार नव्याने आलेल्यांसाठी: पैसे कशासाठी मागायचे आणि सहा तासांत काय कळवायचे

तालुका किंवा जिल्हा पातळीवरच्या कार्यालयात माहिती सुरक्षेचा नोडल अधिकारी नेमला जातो तो बहुधा एका ओळीच्या आदेशाने. ज्याला संगणकातले थोडेफार कळते, त्याच्याकडे हे काम येते आणि मूळचे टेबलही सुटत नाही. हा लेख अशा माणसासाठी आहे. नगरपरिषद, पंचायत समिती, शासकीय महाविद्यालय, महामंडळाचे विभागीय कार्यालय, कुठलेही असो. अंदाजासाठी ४० संगणक, एक सर्व्हर, एक संकेतस्थळ आणि १०० एमबीपीएसची इंटरनेट जोडणी असलेले कार्यालय धरले आहे.

बहुतेक ठिकाणी सुरक्षेचा खर्च आणि घटनेचा अहवाल ही दोन वेगळी कामे समजली जातात. खर्च म्हणजे लेखाशाखेची नस्ती, अहवाल म्हणजे काही घडलेच तर पाठवायचे पत्र. ही समजूत सोडून द्या. घटना घडल्यावर सहा तासांत जे विचारले जाते, त्याचे उत्तर देण्यासाठी लागणारी प्रत्येक वस्तू आधीच विकत घेऊन लावून ठेवलेली असावी लागते. म्हणून सुरुवात दरपत्रकापासून न करता अहवालाच्या नमुन्यापासून करा.

पहिली पायरी: रिकामा नमुना छापून घ्या

देशातल्या सायबर घटना ज्या संस्थेला कळवायच्या ती सर्ट-इन. २००४ पासून काम करणारी ही केंद्रीय संस्था माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७०-बी खाली राष्ट्रीय यंत्रणा म्हणून नेमलेली आहे. तिचे २८ एप्रिल २०२२ चे निर्देश खासगी कंपन्यांइतकेच शासकीय कार्यालयांनाही लागू आहेत. ते मूळ इंग्रजीत वाचा, फार लांब नाहीत. त्यातल्या पाच गोष्टी तुमच्या कामाच्या: घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवणे, सर्व यंत्रणांची घड्याळे ठरलेल्या वेळ-सर्व्हरशी जुळवणे, लॉग (यंत्रांवर आपोआप होणाऱ्या कामकाजाच्या वेळेसह नोंदी) १८० दिवस जपणे, संपर्क अधिकारी नेमून त्याचा तपशील सर्ट-इनला देणे आणि त्यांनी मागितलेली माहिती पुरवणे. मागितलेली माहिती न देणे किंवा निर्देश न पाळणे यासाठी एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. दंडाची कमाल मर्यादा एक लाख रुपये होती, ती २०२३ च्या जनविश्वास कायद्याने एक कोटी केली.

सर्ट-इनच्या संकेतस्थळावरून घटना कळवण्याचा नमुना उतरवून छापा आणि पेन्सिल घेऊन बसा. आज सकाळी सर्व्हरवरच्या सगळ्या फायली कुलूपबंद झाल्या आहेत असे समजा आणि रकाने भरायला लागा. बाधित यंत्रणेचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा तिचा क्रमांक? ऑपरेटिंग सिस्टीम आणि आवृत्ती? कुठले ॲप्लिकेशन? इंटरनेट कोणाचे? घटना घडली ती तारीख आणि वेळ? लक्षात आली ती तारीख आणि वेळ? ही यंत्रणा कार्यालयाच्या मुख्य कामासाठी अत्यावश्यक आहे का?

पहिल्या प्रयत्नात निम्मे रकाने कोरे राहतील. ‘घटना घडली ती वेळ’ हा तर जवळजवळ नक्कीच, कारण ती वेळ फक्त लॉगमधून कळते आणि लॉग कोणी ठेवलेले नसतात. हे कोरे रकाने म्हणजेच तुमच्या खर्चाच्या प्रस्तावाचा पहिला मसुदा.

दुसरी पायरी: सहीचा प्रश्न आधीच सोडवा

अहवाल उशिरा जाण्याचे कारण तांत्रिक क्वचितच असते. मसुदा तयार होतो, मग टिपणी, मग कक्ष अधिकारी, मग ‘साहेब मीटिंगला मंत्रालयात गेलेत’. सहा तास असेच जातात. हे तास लक्षात आल्यापासून मोजतात. साहेबांना सांगितल्यापासून नाही, कार्यालय उघडल्यापासूनही नाही. डेटा एंट्री ऑपरेटरला सकाळी १०:२० ला पडद्यावर खंडणीची चिठ्ठी (कुलूपबंद फायली सोडवायच्या तर पैसे द्या, असा हल्लेखोराचा संदेश) दिसली, तर मुदत दुपारी ४:२० ला संपली. राज्य शासनाची कार्यालये २९ फेब्रुवारी २०२० पासून पाच दिवसांच्या आठवड्यावर आहेत. हल्लेखोरांना शुक्रवारची रात्र आवडते, कारण सोमवारपर्यंत कोणी येणार नसते. सुट्टीच्या दिवशी रखवालदाराने किंवा पुरवठादाराने फोन करून सांगितले, तरी घड्याळ सुरू होते.

म्हणून कार्यालय प्रमुखांच्या सहीचा एक कार्यालयीन आदेश आत्ताच काढून ठेवा. त्यात एवढी तीन वाक्ये पुरतात: ‘सायबर घटना आढळल्यास प्राथमिक अहवाल सर्ट-इनला पाठवण्याचे अधिकार नोडल अधिकाऱ्यास व त्यांच्या अनुपस्थितीत पर्यायी अधिकाऱ्यास देण्यात येत आहेत. त्यासाठी स्वतंत्र पूर्वमंजुरीची आवश्यकता राहणार नाही. अहवालाची प्रत त्याच दिवशी माहितीस्तव सादर करावी.’ पर्यायी अधिकाऱ्याचे नाव नक्की घाला. एकच नाव असेल, तर तो माणूस निवडणूक ड्यूटीवर असतानाच घटना घडते.

संपर्क अधिकाऱ्याचे नाव, पदनाम, कार्यालयाचा पत्ता, ईमेल, मोबाइल आणि दूरध्वनी एवढी माहिती सर्ट-इनला त्यांच्या ठरलेल्या तक्त्यात कळवा. बदली झाली की त्याच आठवड्यात नवे नाव पाठवा. कार्यमुक्तीच्या यादीत हा मुद्दा घालून घेतला की विसरत नाही.

तिसरी पायरी: जडवस्तू नोंदवही घेऊन इमारत फिरा

नोंदवहीत जेवढे संगणक आहेत तेवढे टेबलांवर नसतात, आणि टेबलांवर जेवढे आहेत ते सगळे नोंदवहीत नसतात. योजनेच्या निधीतून आलेला लॅपटॉप, कंत्राटदाराने ठेवलेला हजेरीचा यंत्रसंच, सीसीटीव्हीचा डीव्हीआर, शिपायाच्या खोलीतला वाय-फाय राऊटर, हे सगळे त्याच वायरीवर असतात. एका दिवसात ४० संगणकांचे कार्यालय फिरून होते. प्रत्येक यंत्राजवळ उभे राहून लिहा: वापरणाऱ्याचे टेबल, आयपी पत्ता, विंडोजची आवृत्ती, अँटिव्हायरसची शेवटची अद्ययावत तारीख, आणि त्यावर फक्त तिथेच असलेली एखादी महत्त्वाची फाइल आहे का. शेवटचा प्रश्न लोकांना विचारावाच लागतो. जन्म-मृत्यू नोंदींची किंवा सेवापुस्तकांची दहा वर्षांची एक्सेल शीट एकाच संगणकाच्या डेस्कटॉपवर असलेली हमखास सापडते.

विंडोजची आवृत्ती पाहायला ‘रन’मध्ये ‘विनव्हर’ (winver) टाइप करा. विंडोज ७ चे सुरक्षा अद्ययावतन जानेवारी २०२० मध्ये थांबले, सर्व्हर २०१२ चे ऑक्टोबर २०२३ मध्ये आणि विंडोज १० चे १४ ऑक्टोबर २०२५ ला. जुन्या यंत्रावर विंडोज ११ चढेल का, हे टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि प्रोसेसरची पिढी यावर ठरते. इंटेलचा आठव्या पिढीच्या आधीचा प्रोसेसर असेल, तर ते यंत्र बदलावेच लागेल. यादीत त्यासाठी एक रकाना करा: चढवता येते, बदलावे लागते, किंवा इंटरनेटपासून तोडून फक्त छपाईसाठी ठेवता येते. तिसरा पर्याय फुकट आहे आणि बऱ्याच यंत्रांना पुरतो.

चौथी पायरी: पैसे कोणत्या क्रमाने मागायचे

सायबर सुरक्षा म्हटली की पहिला प्रस्ताव फायरवॉलचा, म्हणजे इंटरनेट आणि कार्यालय यांच्यामधली रहदारी तपासणाऱ्या यंत्राचा, जातो. पेटी दिसते, तिचा फोटो निघतो, देयक सरळ पास होते. आमच्या मते फायरवॉल चौथ्या क्रमांकावर यायला हवी.

पहिला पैसा बॅकअपला. दोन बाहेरच्या हार्ड डिस्क, प्रत्येकी ४ टीबी, आळीपाळीने वापरायच्या. एक जोडलेली असताना दुसरी कपाटात कुलपात, आणि महिन्यातून एक प्रत दुसऱ्या इमारतीत. बॅकअप संपला की डिस्क काढायची. बॅकअप घेतला जात असूनही तो हातचा जातो तो इथेच: डिस्क वर्षभर सर्व्हरला जोडलेलीच राहते, आणि खंडणीखोर विषाणू मूळ फायलींबरोबर तिच्यावरच्या प्रतीही कुलूपबंद करतो. दर तिमाहीला एक फोल्डर दुसऱ्या संगणकावर पुन्हा उतरवून उघडून पाहा आणि किती वेळ लागला ते लिहून ठेवा. उघडून न पाहिलेला बॅकअप ऐन वेळी रिकामा निघू शकतो.

दुसरा पैसा अद्ययावतन थांबलेली यंत्रे बदलायला, तेही सगळी एकदम नाही. पैशाचे व्यवहार, डिजिटल सही आणि नागरिकांची माहिती हाताळणारी टेबले आधी.

तिसरा पैसा मॅनेज्ड स्विचला. स्विच म्हणजे सगळ्या संगणकांच्या वायरी जोडणारी पेटी. साध्या स्विचवर सगळी यंत्रे एकाच अंगणात असतात. मॅनेज्ड स्विचवर लेखाशाखा, सर्व्हर, सीसीटीव्ही आणि पाहुण्यांचे वाय-फाय असे वेगळे कप्पे करता येतात. हा खर्च लोकांना पटवणे अवघड जाते, म्हणून टिपणीत दिल्लीच्या एम्सचे उदाहरण द्या. २३ नोव्हेंबर २०२२ ला तिथे खंडणीचा हल्ला झाला, पाच सर्व्हरवरचा सुमारे १.३ टीबी डेटा कुलूपबंद झाला आणि रुग्णनोंदणी कित्येक दिवस कागदावर चालली. केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या उत्तरात कारण नोंदले आहे: नेटवर्कचे कप्पे नीट केलेले नव्हते. आणि ई-हॉस्पिटलचा डेटा परत मिळाला तो बाधित न झालेल्या बॅकअप सर्व्हरवरून.

आता फायरवॉल. इथे खरेदीत फसगत होते ती दोन ठिकाणी. माहितीपत्रकात पहिल्या ओळीत ‘फायरवॉल थ्रूपुट’ म्हणून मोठा आकडा असतो. तो सगळ्या तपासण्या बंद असतानाचा. तुम्ही पाहायचा तो ‘थ्रेट प्रोटेक्शन थ्रूपुट’, म्हणजे तपासण्या चालू असतानाचा वेग, जो त्याच यंत्राचा बराच कमी असतो. १०० एमबीपीएस जोडणीला तो किमान ३०० एमबीपीएस मागा, कारण बंद पाकिटातली (एन्क्रिप्टेड) रहदारी उघडून तपासायला लागलात की वेग आणखी घटतो. दुसरी फसगत परवान्याची. मार्चअखेर निधी संपवायचा म्हणून पेटी २८ मार्चला येते आणि एक वर्षाचा परवाना सुरू होतो. पुढच्या २८ मार्चला तो संपतो, तेव्हा चालू वर्षाचा पैसा उरलेला नसतो आणि नव्या वर्षाचा निधी बीडीएसवर (शासनाच्या निधी वितरणाच्या संगणक प्रणालीवर) यायला वेळ लागतो. त्या काळात फायरवॉल जुन्या माहितीवर चालते, म्हणजे जवळजवळ उघडे दार. निविदेतच लिहा: ‘३ वर्षांचे परवाने व वॉरंटी किमतीत समाविष्ट, मुदत कार्यान्वित झाल्याच्या दिनांकापासून.’ असे केले की पुढच्या वर्षी नूतनीकरणासाठी आगाऊ रक्कम देण्याचा लेखा आक्षेपही टळतो.

गोव्यात जून २०२२ मध्ये, ऐन पावसाळ्यात, जलस्रोत खात्याच्या पूरनिरीक्षण यंत्रणेचा पणजीतला सर्व्हर खंडणीच्या हल्ल्यात कुलूपबंद झाला. नद्यांवरच्या १५ ठिकाणांची माहिती त्यावर गोळा होत होती. खात्याने पोलिसांना दिलेल्या तक्रारीतच अँटिव्हायरस नव्हता आणि फायरवॉल जुनी झाली होती, असे नमूद होते. बाहेरच्या हल्लेखोराविरुद्धच्या तक्रारीत स्वतःच्या न केलेल्या खर्चाची नोंद करावी लागणे ही वेळ कुठल्याच खात्यावर येऊ नये.

पाचवा पैसा लॉग साठवायला, सहावा ऑडिटला. हे दोन्ही प्रस्तावातून सर्वात आधी कापले जातात, म्हणून त्यांचे समर्थन लिहिताना २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांचा हवाला द्या. ‘आवश्यक आहे’ असे लिहिलेला खर्च कापला जातो, ‘निर्देशानुसार बंधनकारक आहे’ असे लिहिलेला सहसा टिकतो.

लेखाशीर्षाचे थोडक्यात. राज्य शासनाच्या कार्यालयात यंत्रे, परवाने, डिस्क सहसा १७ संगणक खर्च या शीर्षात बसतात. ऑडिटरचे शुल्क २८ व्यावसायिक सेवा या शीर्षाखाली मागितले तर आक्षेप कमी येतात. सगळे एकाच शीर्षात घातले की नस्ती परत येते. पुढच्या वर्षाचा प्रस्ताव साधारण दिवाळीच्या आसपास मागवला जातो, तेव्हा यादी तयार हवी. त्या वेळी चुकलात तर पुरवणी मागणीची वाट पाहावी लागते. खरेदी जीईएमवर (शासकीय खरेदीच्या ऑनलाइन बाजारपेठेवर) करताना केवळ ‘अँटिव्हायरस, ४० नग’ असे लिहू नका; सर्व संगणकांचा अहवाल एका जागी दाखवणारा केंद्रीय पडदा हवा, हे लिहा. नाहीतर ४० सुटे खोके येतात आणि कुठल्या यंत्रावर काय चालले आहे ते पुन्हा फिरूनच पाहावे लागते.

एकूण किती मागावे याचा ढोबळ ठोकताळा म्हणून संगणकीकरणाच्या वार्षिक खर्चाच्या १० टक्के धरला जातो. ज्या कार्यालयात आजवर काहीच झालेले नाही, तिथे पहिल्या वर्षी तो पुरणार नाही.

पाचवी पायरी: घड्याळ आणि लॉग

हा भाग सर्वात स्वस्त आहे आणि सर्वात दुर्लक्षित. वेळ एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या सर्व्हरशी, किंवा त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी जुळलेली असावी लागते. एनआयसीचे दोन वेळ-सर्व्हर ‘समय’ याच नावाने ओळखले जातात. कार्यालयातल्या एका सर्व्हरची वेळ तिथून घ्या आणि बाकी सगळी यंत्रे त्या सर्व्हरकडून वेळ घेतील असे लावा. सीसीटीव्हीचा डीव्हीआर विसरू नका. खोलीत कोण होते हे तोच सांगतो.

घड्याळ चुकले की काय होते ते पाहा. सर्व्हरच्या लॉगमध्ये १४ तारखेला पहाटे २:१० वाजता एक अनोळखी लॉगिन दिसते. त्या वेळी फायरवॉलमधून कोण आत आले म्हणून तिचा लॉग उघडता, तर २:१० ला काहीच नाही. अर्धा दिवस शोधल्यावर लक्षात येते की फायरवॉल जागतिक प्रमाणवेळेवर आहे, आणि ती नोंद १३ तारखेच्या २०:४० ला बसली आहे. साडेपाच तासांचा फरक, आणि हातात होते सहा तास.

लॉग कशाकशाचे हवेत? फायरवॉल, सर्व्हर, वेब सर्व्हर, डेटाबेस, व्हीपीएन (बाहेरून कार्यालयाच्या नेटवर्कमध्ये येण्याची सुरक्षित जोडणी), अँटिव्हायरस. जागेचा हिशेब सोपा आहे. सेकंदाला सरासरी ५० नोंदी, प्रत्येक नोंद ५०० बाइट धरली तर दिवसाला २.१६ जीबी, आणि १८० दिवसांना सुमारे ३८९ जीबी. दाबून साठवले तर याच्या एक पंचमांशातही बसते. म्हणजे २ टीबीच्या दोन डिस्क, एकीची प्रत दुसरीवर, आणि लिनक्स टाकलेला एक जुना पण धडधाकट डेस्कटॉप एवढ्यावर काम होते. लिनक्सवरचा आरसिस्लॉग हा लॉग गोळा करणारा प्रोग्राम फुकट आहे. मात्र या यंत्राचा पासवर्ड बाकी कुठेही वापरलेला नसावा. हल्लेखोर आत शिरला की लॉग पुसणे हे त्याचे पहिल्या कामांपैकी एक असते.

लॉग चालू असूनही हाती लागत नाहीत, याची दोन कारणे नेहमीची. विंडोज १० मध्ये सुरक्षा लॉगला मूळ सेटिंगमध्ये फक्त २० एमबी जागा असते. भरली की जुन्या नोंदींवर नव्या चढतात. ती वाढवून १ जीबी करा आणि नोंदी लॉगच्या यंत्राकडे पाठवा. दुसरे, लहान फायरवॉलमध्ये डिस्कच नसते, नोंदी तात्पुरत्या स्मृतीत राहतात. इंटरनेट बंद पडले म्हणून कोणी तिचे बटण बंद करून चालू केले की सगळा पुरावा पुसला जातो. पेटीवर कागद चिकटवा: ‘विचारल्याशिवाय बंद करू नये.’

नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण नियमांत लॉग एक वर्ष ठेवण्याची अट आहे, आणि त्या नियमांचा मुख्य भाग १८ महिन्यांनी लागू होतो. वरच्या हिशेबाने वर्षाचे ७८८ जीबी होतात. २ टीबी म्हटले ते म्हणूनच.

सहावी पायरी: ऑडिट

संकेतस्थळ आणि ॲप्लिकेशन यांचे ऑडिट सर्ट-इनच्या यादीवरच्या संस्थेकडूनच, वर्षातून किमान एकदा आणि प्रत्येक मोठ्या बदलानंतर. कार्यादेशात फेरतपासणी समाविष्ट आहे हे पाहा. पहिल्या तपासणीत दोष सापडतात, ते संकेतस्थळ बनवणाऱ्याने दुरुस्त करायचे असतात. पण त्याच्याशी केलेल्या देखभाल करारात हे काम लिहिलेले नसते, तो वेगळे पैसे मागतो आणि अहवाल कपाटात पडून राहतो. करारात एक अट घाला: ‘ऑडिटमध्ये आढळलेले गंभीर दोष १५ दिवसांत विनामूल्य दुरुस्त करणे बंधनकारक.’ त्याच करारात दुसरी अट: पुरवठादाराला घटना दिसताच त्याने कार्यालयाला तत्काळ फोनने कळवावे. कळवण्याची जबाबदारी पुरवठादारावर ढकलता येत नाही. त्याने कळवले म्हणून तुम्ही सुटत नाही, आणि ‘संकेतस्थळ बाहेरच्या एजन्सीकडे आहे’ हे उत्तर चालत नाही.

सातवी पायरी: घटना घडली

पहिली दहा मिनिटे. बाधित यंत्राची नेटवर्क वायर काढा, वाय-फाय बंद करा. वीज बंद करू नका, कारण चालू यंत्राच्या स्मृतीत बरेच पुरावे असतात. अपवाद एकच: फायली डोळ्यांदेखत कुलूपबंद होत असतील आणि यंत्र नेटवर्कपासून तोडणे शक्य नसेल, तर बंद करा आणि तसे लिहून ठेवा. पडद्याचा मोबाइलने फोटो घ्या, फोटोत घड्याळ दिसू द्या. बॅकअपची डिस्क जोडलेली असेल तर आधी ती काढा. फॉरमॅट मारायला कोणालाही हात लावू देऊ नका. एएमसीवाला (संगणक देखभाल कंत्राटाचा) मुलगा उत्साहाने येतो आणि तासाभरात यंत्र ‘चालू करून’ देतो. तेवढ्यात सर्व पुरावे गेलेले असतात.

एक साधी वही उघडा आणि वेळेसह लिहीत जा. १०:२० ऑपरेटरने चिठ्ठी पाहिली. १०:२७ वायर काढली. १०:३५ फायरवॉलचा लॉग उतरवला. १०:५० कार्यालय प्रमुखांना फोन. ही वही पुढे अहवालाला, पोलिसांना आणि लेखापरीक्षकाला अशी तिघांना लागते.

मग व्याप्ती ठरवा. आणखी कोणत्या यंत्रांवर तीच चिठ्ठी आहे? फायलींच्या नावापुढे कोणते नवे शेपूट लागले आहे? नागरिकांची नावे, आधार क्रमांक, बँक खाती असलेला भाग बाधित आहे का? याची पूर्ण उत्तरे मिळेपर्यंत थांबू नका. निर्देशांबाबतच्या प्रश्नोत्तरांत सर्ट-इनने स्पष्ट केले आहे की सहा तासांत हाती असेल तेवढी माहिती द्यावी, उरलेली नंतर वाजवी वेळेत.

कळवायचे कुठे: सर्ट-इनचा निःशुल्क दूरध्वनी १८००-११-४९४९, किंवा त्यांच्या घटना नोंदणीच्या ईमेलवर भरलेला नमुना. फोन केला तरी ईमेल पाठवाच, म्हणजे वेळेचा पुरावा राहतो. बाधित यंत्रावरून किंवा बाधित खात्यातून पाठवू नका. हल्लेखोर तुमचा पत्रव्यवहार वाचत असू शकतो.

अहवालाची भाषा कशी असावी? ‘सर्व्हरला व्हायरस आला असून काम बंद आहे, कृपया योग्य ती कार्यवाही व्हावी’ या वाक्यावर पलीकडचा माणूस काहीही करू शकत नाही. हे पाहा:

‘दि. १४ रोजी १०:२० वाजता कर विभागाच्या सर्व्हरवर सर्व फायली उघडेनाशा झाल्याचे व प्रत्येक फोल्डरमध्ये खंडणीची चिठ्ठी असल्याचे आढळले. लॉगनुसार पहिले अनधिकृत लॉगिन त्याच दिवशी ०२:१० वाजता, रिमोट डेस्कटॉपद्वारे, परदेशी आयपी पत्त्यावरून. सर्व्हर १०:२७ ला नेटवर्कपासून तोडला, वीज चालू ठेवली आहे. इतर ३९ यंत्रांपैकी २ यंत्रांवर तीच लक्षणे, ३१ तपासून झाली, ६ बाकी. मालमत्ता कराच्या नोंदी बाधित. माहिती बाहेर गेली का हे अद्याप निश्चित नाही. शेवटचा सुस्थितीतला बॅकअप दि. १२ चा. चिठ्ठीची प्रत, दोन बाधित फायली व फायरवॉलचा लॉग सोबत.’

यात एकही विशेषण नाही, आणि ‘अद्याप निश्चित नाही’ हे मोकळेपणाने लिहिले आहे. प्राथमिक अहवालात ‘माहितीची कोणतीही गळती झालेली नाही’ असे लिहिण्याचा मोह आवरा. चार दिवसांनी गळती झाल्याचे कळले, तर ते वाक्य घटनेपेक्षा जड जाते.

काय कळवायचे याची यादी निर्देशांच्या परिशिष्टात आहे. २० प्रकार आहेत. संकेतस्थळाचे पान बदलले गेले, कार्यालयाचे समाजमाध्यमावरचे खाते दुसऱ्याच्या हाती गेले, योजनेच्या नावाचे बनावट मोबाइल ॲप फिरते आहे, हेसुद्धा त्यात येते. ही लहान प्रकरणे वाटतात म्हणून कळवली जात नाहीत. पण बनावट ॲपने गंडा बसतो तो नागरिकाला.

आठवी पायरी: सर्ट-इनच्या पलीकडे

सर्ट-इनला कळवले म्हणजे गुन्हा नोंदला असे नाही. पोलिसांकडे स्वतंत्र तक्रार द्यावी लागते. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या गुन्ह्याचा तपास निरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचा अधिकारीच करतो, म्हणून जिल्ह्याच्या सायबर पोलीस ठाण्यात जा. पैसे गेले असतील, म्हणजे कार्यालयाच्या खात्यातून रक्कम वळवली गेली असेल, तर बाकी सगळे बाजूला ठेवून आधी १९३० या सायबर आर्थिक फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन आणि बँकेला फोन. रक्कम पुढच्या खात्यांत फुटण्याआधी गोठवली तरच परत मिळण्याची आशा असते, आणि तिथे सहा तास फार उशिरा होतात.

लॉगची प्रत देताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते, आणि त्याच्या नमुन्यात फायलीचे हॅश मूल्य, म्हणजे तिच्या मजकुरावरून निघणारा बोटाच्या ठशासारखा आकडा, लिहायचे असते. विंडोजमधल्या ‘सर्टयुटिल’ आज्ञेने ते काढता येते. प्रत काढली त्याच मिनिटाला काढा, वहीत लिहा. नंतर काढलेल्या मूल्याला ‘मधल्या काळात फाइल बदलली नाही कशावरून’ हा प्रश्न येतो.

तुमची यंत्रणा कलम ७० खाली ‘संरक्षित प्रणाली’ म्हणून अधिसूचित असेल, तर एनसीआयआयपीसी या अत्यावश्यक माहिती यंत्रणांच्या संरक्षणासाठीच्या केंद्रीय संस्थेलाही कळवायचे. तालुका कार्यालयात हे सहसा लागू नसते. वीज, बंदर, मोठी पाणीपुरवठा यंत्रणा असेल तर विचारून घ्या. यंत्रणा राज्य डेटा सेंटरमध्ये किंवा एनआयसीकडे असेल, तर त्यांच्या सुरक्षा कक्षालाही त्याच वेळी कळवा. वैयक्तिक माहितीच्या भंगाबाबत वर उल्लेखलेले नवे नियम पूर्ण लागू झाले की डेटा संरक्षण मंडळाला आणि बाधित नागरिकांना विनाविलंब, आणि मंडळाला सविस्तर माहिती ७२ तासांत द्यावी लागेल. त्याचा मसुदा आजच करून ठेवला तर बरे.

खंडणी देऊ नका. पैसे दिल्यावरही किल्ली मिळेल याची खात्री नसते, आणि सार्वजनिक पैसा असा देण्यासाठी कोणतेही लेखाशीर्ष नाही. काही जुन्या विषाणूंच्या किल्ल्या ‘नो मोअर रॅन्सम’ या युरोपोलच्या सहभागाने चालणाऱ्या प्रकल्पाकडे फुकट मिळतात. बाधित फाइल तिथे तपासून पाहा, आणि किल्ली आज नसली तरी कुलूपबंद डिस्क फेकू नका; कधीकधी वर्षभराने किल्ली निघते.

पुन्हा सुरू करताना क्रम पाळा: ज्या दारातून शिरला ते आधी बंद, मग सर्व पासवर्ड बदल, मग कोऱ्या डिस्कवर नवी ऑपरेटिंग सिस्टीम, मग बॅकअप. घाईत बॅकअप आधी उतरवला आणि रिमोट डेस्कटॉपचे (दुरून संगणक चालवण्याच्या सोयीचे) दार तसेच उघडे राहिले, तर तोच माणूस त्याच आठवड्यात परत येतो. मूळ डिस्क मोहोरबंद करून कपाटात ठेवा, निर्लेखनाच्या यादीत जाऊ देऊ नका.

पूरक अहवाल सर्ट-इनने दिलेल्या नोंदणी क्रमांकाचा उल्लेख करून पाठवा. त्याची एक प्रत पुढच्या वर्षाच्या खर्चाच्या प्रस्तावाला जोडा. कोणता रकाना कोरा राहिला आणि कशाअभावी राहिला, ते त्यावर लाल शाईने खूण करून.